वहिनींनी खाल्लेले वाक्य

मी एक जुना व्हीसीआर आहे आणि माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. टीव्हीखाली बसणारी काळी चपटी पेटी, समोर एक झडप आणि झडपेतून आत ढकलायची कॅसेट. कॅसेटमध्ये तपकिरी रंगाची लांबच लांब फीत असते. ती माझ्या पोटात फिरली की वर टीव्हीवर सिनेमा दिसतो. माझे लाल बटण दाबले की उलटे होते. टीव्हीवर जे चालू असेल ते फितीवर उतरते, आणि फितीवर आधी जे होते ते पुसले जाते. पुसताना मला कुणी विचारत नाही. ज्याच्या तोंडात लोक दिवसभर काही ना काही कोंबतात आणि ज्याच्याच हातून पुसूनही घेतात, तो संशयी होणार नाही तर काय होईल?

कारखान्यात एका लांब टेबलावर मी तयार झालो. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात रबरी पट्टा चढवला. पुढच्या माणसाने मला उचलून कानाशी धरले आणि हलवून पाहिले. आत काही खुळखुळत नव्हते, तरी त्याने दुसऱ्यांदा हलवले. मला तेव्हाच कळले की या जगात नुसते चांगले असून भागत नाही.

मग मी दुकानाच्या काचेत बसलो. दुकानदार येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "हा शेवटचाच नग आहे बघा." माझ्या पाठीमागे माझी भावंडे खोक्यांतून छतापर्यंत रचलेली होती. तेव्हापासून गोड बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास उरला नाही.

मला घेऊन गेला तो एक चष्मेवाला. त्याला मी मालक म्हणतो. गल्लीच्या तोंडाशी त्याचे छोटे दुकान होते. तिथे बसून तो काचा घासायचा, दांड्यांचे स्क्रू पिळायचा, आणि बोटाच्या टोकाने काचेवरचा केसाएवढा ओरखडा ओळखायचा. दुकानामागच्या जिन्याने वर गेले की दोन खोल्यांचे घर. बाहेरच्या खोलीत एक लांब बाकडे, दोन खुर्च्या, चार उशा, टीव्ही, टीव्हीखाली मी आणि माझ्या शेजारी कॅसेटींचे कपाट. मालकीणबाई बालवाडीत शिकवायच्या. दिवसभर पोरांच्या मागे धावून घरी आल्या की त्या माझ्यासमोर जमिनीवर बसायच्या, पाय पसरून, पाठ बाकड्याला टेकून. ती त्यांची जागा होती. तिथे दुसरे कुणी बसत नसे.

त्या घरात रविवारी दुपारी बैठक भरायची. बैठक म्हणजे सिनेमा बघायचा आणि मग त्यावरून भांडायचे. खरे सांगायचे तर बघणे कमी आणि भांडणेच जास्त.

बैठकीत दोन पक्ष होते. एक रुमालवाले, यांना घरगुती सिनेमे आवडत. बाप-लेकाचे भांडण, सासूचा टोमणा, लेक सासरी निघाली की दारात थांबलेली आई. दुसरे उशीवाले, यांना भुताचे सिनेमे लागत. भीती वाटली की ते तोंडासमोर उशी धरत आणि कडेने बघत.

उशीवाल्यांचा पुढारी होता कंपाउंडर. तो दवाखान्यात औषधे बांधून द्यायचा, म्हणून सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. तो मालकाचा लहानपणापासूनचा मित्र. मालकही उशीवालाच. रुमालवाल्यांच्या पुढारी मालकीणबाई, आणि त्यांच्या बाजूने शेजारची शिलाईमावशी. ती मशीनवर कपडे शिवायची आणि बैठकीलाही काजे-बटणे करायला घेऊन यायची. पाचवा एक निवृत्त बस ड्रायव्हर होता. तो ज्याच्याकडे खायला असेल त्याच्या पक्षात बसायचा.

"भुताच्या सिनेमात असतं काय?" शिलाईमावशी दोरा तोडत म्हणायची. "दार वाजतं, ही बया एकटीच बघायला जाते. घरात चार माणसं आहेत, एकाला तरी उठव की."

"मावशी, भूत दिसलं की भीती संपली," कंपाउंडर सांगायचा. "खरी भीती म्हणजे बंद दार आणि दाराखालून येणारा उजेड. पलीकडं कोण आहे ते दाखवायचंच नाही. तो दिग्दर्शक खरा."

"आमच्या घरी रोज असतो तो उजेड," ड्रायव्हर म्हणायचा. "पलीकडं बायको जागी असते."

बैठकीचा एक नियम मालकीणबाईंनी घातला होता. कोणता प्रसंग सगळ्यांत भारी ते तोंडाने सांगायचे नाही, कॅसेट लावून दाखवायचे. नुसत्या सांगण्यात माणूस मीठमसाला लावतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे भांडण पेटले की कॅसेटी निघायच्या. एक काढ, दुसरी घाल, पुढे पळव, मागे आण. माझे डोके गरम व्हायचे. कंपाउंडर दवाखान्यातून कापूस आणि स्पिरिट आणून माझे पोट साफ करायचा. त्याचा हात हलका होता. तरी मी सावध असायचो. जो माणूस झाकण उघडून पोटात हात घालतो, त्याने काय काय पाहून ठेवले असेल ते सांगता येत नाही.

घरगुती सिनेमांच्या कॅसेटी बाजारातून आणलेल्या नव्हत्या. मालकीणबाईंनी त्या टीव्हीवरून स्वतः उतरवून घेतल्या होत्या. मध्ये जाहिराती लागत. फितीवर जाहिराती येऊ नयेत म्हणून त्या माझ्यासमोर बसून राहत, थांबायच्या बटणावर बोट ठेवून. जाहिरात आली की बोट दाबायचे, संपली की सोडायचे. प्रत्येक ठिकाणी फितीवर एक पांढरी रेघ उमटायची. सिनेमा बघताना ती रेघ पडद्यावरून सर्रकन खाली जायची आणि चित्र पुढे चालू व्हायचे. थांबवलेल्या वेळात टीव्हीवर काय झाले ते मला माहीत नसते. जे फितीवर उतरत नाही, ते मला आठवत नाही.

कधी कधी त्यांचे बोट मागेपुढे व्हायचे. मग एखादा शब्द अर्धाच राहायचा. बैठकीत हशा व्हायचा. "वहिनींनी वाक्य खाल्लं," कंपाउंडर म्हणायचा. "बालवाडीत डबा खात नाहीत वाटतं." मालकीणबाई हसून घ्यायच्या.

त्यांतले एक वाक्य मात्र सगळ्यांच्या जिवाला लागले होते.

एका सिनेमात बापाने थोरल्या मुलाला घराबाहेर काढलेले असते. पुढे कितीतरी दिवसांनी बाप त्याच्या भाड्याच्या खोलीवर येतो. कुणी काही बोलत नाही. सून पाण्याचा पेला पुढे करते. बाप पाणी पितो, पेला खाली ठेवतो, खोलीभर नजर फिरवतो आणि मुलाला विचारतो, "नळाला पाणी किती वाजता येतं?" मुलगा मान वर करून बापाकडे बघतो. तेवढ्यात ती पांढरी रेघ येते. रेघेनंतर बाप रस्त्याने एकटा चाललेला दिसतो.

मुलगा काय म्हणाला?

टीव्हीवर सिनेमा लागला तेव्हा मालक दुकानात होता आणि बाकीचे आपापल्या कामावर. पुरता पाहिला होता तो फक्त मालकीणबाईंनी. बाजारात शोधूनही त्याची कॅसेट मिळाली नाही.

यावर बैठकीत वर्षानुवर्षे रणे माजली. शिलाईमावशी म्हणे, तो वेळ सांगतो आणि वर म्हणतो, राहा बाबा, सकाळी मी भरीन. कंपाउंडर म्हणे, पाण्याची वेळ विचारली म्हणून रुमाल काढायचे असतील तर नगरपालिकेत जाऊन बसा, दिवसभर रडाल. मालक म्हणे, मुलगा म्हणतो, तुम्हाला काय करायचंय. ड्रायव्हर म्हणे, तिथं टँकर येत असेल.

सगळे मालकीणबाईंकडे वळत. "वहिनी, तुम्ही ऐकलंय. सांगून टाका."

"माझं बोट चुकलं ना," त्या म्हणत. "आता तुम्हीच ठरवा." आणि उठून चहा टाकायला जात. मला त्यांचाही संशय यायचा. चूक कबूल करताना माणूस इतका खूश दिसत नाही.

ते माझे चांगले दिवस होते. पाहुणे आले की मालक माझ्यावर हात ठेवून सांगायचा, "घोडा आहे घोडा. अजून एक फीत चावली नाही यानं."

मग मालकीणबाई आजारी पडल्या. अंथरूण बाहेरच्या खोलीत, माझ्यासमोर आणले. कंपाउंडर सकाळ-संध्याकाळ सुई टोचायला यायचा. मालक दुकानात असला तरी त्याला येता यावे म्हणून मालकाने त्याला घराची एक किल्ली दिली. बैठक तेव्हाही भरायची, पण हळू आवाजात. एका रविवारी अंथरूण रिकामे होते.

मालकाची मुलगी परगावी असायची, ती आली होती. जाताना ती म्हणाली, "बाबा, हे धूड आता कोण वापरतं? भंगारवाल्याला देऊन टाकू का?" त्या मुलीवर मी तेव्हापासून लक्ष ठेवून आहे. मालकाने मालकीणबाईंची जुनी साडी दुमडून माझ्यावर घातली. धूळ बसू नये म्हणून.

बैठक बंद पडली नाही. माणसे येत, सिनेमा बघत, त्याच जुन्या वाक्यावरून भांडत. मालकीणबाईंच्या जागेवर कुणी बसत नसे. पण मालक आता दुपारी दुकान मिटून एकटाही वर यायचा. साडी बाजूला करायचा, मालकीणबाईंनी उतरवलेली एखादी कॅसेट लावायचा आणि खुर्चीत बसायचा. मला आधी वाटले, हा उशीवाला रुमालवाला झाला. मग मी नीट पाहिले. सिनेमात कुणी रडो, कुणी मरो, याचे तिकडे लक्षच नसायचे. पांढरी रेघ आली की मात्र तो पुढे झुकायचा. रेघ गेली की पुन्हा मागे टेकायचा.

तिथे ती होती, मित्रांनो. त्या रेघेच्या वेळी तिचे बोट माझ्यावर होते. त्याच्यापाशी तिचा आवाज नव्हता, हलते चित्र नव्हते. फक्त या रेघा होत्या.

आणि नेमके तेव्हा मला कळले की कुणीतरी ती कॅसेट बाहेर नेते आहे.

हे मला कसे कळले ते सांगतो. प्रत्येक यंत्र फीत आपल्या हाताने गुंडाळते. कुणी घट्ट, कुणी सैल. मी जरा सैल गुंडाळतो. एके दिवशी मालकाने बापलेकाची कॅसेट लावली, आणि फीत घट्ट होती. तिच्यावर दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राचा हात फिरला होता. थोड्या दिवसांनी पुन्हा तसेच. मालक दुकानात असताना दाराला किल्ली लागायची, पावले थेट कपाटाशी यायची आणि जायची. साडीखाली मला काही दिसायचे नाही. फक्त स्पिरिटचा वास यायचा.

मग त्याहून वाईट झाले. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते. ती तोडून टाकली की तिथे खाच पडते, आणि मग त्या कॅसेटवर नवे काही उतरवता येत नाही. माझे लाल बटण दबतच नाही. मालकीणबाईंनी सगळ्या कॅसेटींच्या त्या पट्ट्या कात्रीच्या टोकाने तोडल्या होत्या. पुन्हा कुणाला उतरवायचे असेल तर खाच काहीतरी चिकटवून बुजवावी लागते. त्या दुपारी मालकाने कॅसेट आत ढकलली आणि मला जाणवले की खाच बुजलेली आहे. आता नुसते एक बटण दाबायचा अवकाश होता. बाप, लेक, पेला, रेघ, सगळे पुसले गेले असते. आणि पुसणारा मी असतो.

मला ओरडता येत नाही. पण मालकाची बोटे काचेवरचा ओरखडा ओळखणारी. कॅसेट बाहेर काढताना ती कडेवर थांबली. त्याने कॅसेट खिडकीत नेऊन पाहिली. खाचेवर कापडी चिकटपट्टी होती. जखमेवरच्या कापसावर लावतात ती.

मग त्याने कॅसेट तशीच खोक्यात ठेवली. पट्टी काढली नाही.

चोराला रंगेहाथ पकडायचे होते त्याला. पण तो पडला सिनेमावाला. त्याने सरळ विचारले नाही. भुताच्या एका सिनेमात अदृश्य पाहुण्याची पावले दिसावीत म्हणून जमिनीवर पीठ पसरतात, तसे त्याने कपाटाच्या फळीवर पावडर भुरभुरली. घरात मालकीणबाईंचा पावडरचा डबा होता, तोच घेतला. साडी बाजूला होती म्हणून निम्मी पावडर माझ्या फटींतून आत गेली, आणि मग त्याने मला पुन्हा झाकले. दोन दिवसांनी त्याने साडी काढली, तेव्हा फळीवर बोटांचे ठसे होते. मालक खाली वाकून ते बघत होता. ठसे पाहून त्याला आनंद झाला नाही. कुणाचेच नसते तर बरे, असा त्याचा चेहरा होता.

पुढच्या रविवारी बैठक भरली. कंपाउंडर रंगात येऊन म्हणाला, "आज ठरवून टाकू, सगळ्यांत भीतीदायक प्रसंग कोणता."

"आज मी दाखवतो," मालक म्हणाला. त्याने ती कॅसेट आणली, पण माझ्या तोंडात घातली नाही. कंपाउंडरसमोर धरली. "ही पट्टी कुणाची?"

शिलाईमावशीची सुई थांबली.

कंपाउंडरने पट्टीकडे पाहिले. "माझी," तो म्हणाला. "काढायची राहिली."

"यावर उतरवणार होतास?"

"होतो."

"हिच्या कॅसेटवर?"

"पूर्ण ऐकशील तर..."

"काय उतरवणार होतास ते सांग."

कंपाउंडरने मालकीणबाईंच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. "नाही सांगत," तो म्हणाला.

"अहो, सांगून मोकळे व्हा की," शिलाईमावशी म्हणाली. "भावोजी काही खाणार नाहीत तुम्हाला."

"नाही सांगता यायचं, मावशी."

"मग किल्ली ठेव," मालक म्हणाला.

कंपाउंडरने खिशातून किल्ली काढली. ती नेमकी माझ्याच डोक्यावर ठेवली आणि जिना उतरून गेला. मला त्या वेळी फार बरे वाटले, हे मी लपवत नाही. मी म्हटलेच होते.

पण पुढचे दिवस बरे गेले नाहीत. मालकाने पट्टी सोलून काढली. सगळ्या कॅसेटी खोक्यात भरल्या, खोक्याला सुतळीच्या गाठीवर गाठी मारल्या आणि ते माळ्यावर टाकले. आता त्या कुणाच्या हाती लागणार नव्हत्या. त्याच्याही नाही. दुपारी तो वर यायचा बंद झाला. रविवारी ड्रायव्हर आला, तर मालकाने दारातच सांगितले, "आज नको." त्यानंतरच्या रविवारीही तेच सांगितले. दुकानातला चिल्लर ठेवायचा डबासुद्धा तो रोज कुलपात ठेवू लागला. दूधवाल्याकडे, शेजाऱ्यांकडे, सगळ्यांकडेच तो माझ्यासारखा बघू लागला. त्या घरात आता दोन संशयी होते आणि बोलायला कुणी नव्हते. माझ्या पोटात पावडर घट्ट होत चालली होती.

शिलाईमावशी एकदा शिवलेला सदरा द्यायला आली. तिने कपाट रिकामे पाहिले, माळ्यावरचे खोके पाहिले.

"भावोजी, हे काय? ताईंच्या कॅसेटी बांधून टाकल्या?"

"सुरक्षित राहतील."

"लोणच्याची बरणी आहे का ती? आणि तुम्ही काय बघता मग?"

"काही नाही."

मावशीने सदरा बाकड्यावर ठेवला आणि ती गेली. घरी नाही, सरळ दवाखान्यात गेली, हे मला नंतर तिच्याच तोंडून कळले. तिथे सगळ्या रोग्यांसमोर तिने कंपाउंडरला सांगितले, "तुमचं गुपित तुम्हाला लखलाभ. पण तो माणूस सुकून चाललाय."

त्या रविवारी दारावरची घंटा वाजली. किल्ली असताना कंपाउंडर कधी घंटा वाजवत नसे. मालकाने दार उघडले. कंपाउंडरच्या हातात पिशवी होती. मागे शिलाईमावशी, तिच्या मागे ड्रायव्हर.

"नियम आहे," कंपाउंडर म्हणाला. "सांगायचं नाही, दाखवायचं. दाखवून जातो."

मालक दारातून बाजूला झाला. या म्हणाला नाही.

कंपाउंडरने साडी काढली, माझे झाकण उघडले आणि आत डोकावला. "अरे, याच्या पोटात पावडर कुणी घातली?" त्याने कापूस आणि स्पिरिट काढले. पावडर निघायला वेळ लागला. तेवढा वेळ चौघेही माझ्या पोटाकडे बघत बसले होते. मग त्याने पिशवीतून एक कॅसेट काढली. ती मी कधी पाहिलेली नव्हती. तिला कुबट वास येत होता.

"बंद पडलेल्या एका व्हिडिओ लायब्ररीच्या पोत्यात सापडली," तो म्हणाला. "तोच सिनेमा. बाजारातला. पुरता."

मालक खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. ड्रायव्हर बसत होता, तो अर्धवट वाकलेलाच थांबला.

मी फीत ओढली. बाप आला. सुनेने पेला पुढे केला. बाप पाणी प्यायला, त्याने पेला ठेवला, खोलीभर नजर फिरवली. "नळाला पाणी किती वाजता येतं?" मुलाने मान वर केली. आणि बाप रस्त्याने एकटा चालू लागला.

मध्ये काही नव्हते. रेघ नव्हती, वाक्य नव्हते, शब्द नव्हता.

"मागं घे," मालक म्हणाला. मी मागे घेतले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"तो बोलतच नाही," कंपाउंडर म्हणाला. "सिनेमातच नाही बोलत. जाहिरात तिथंच लागली असेल, आणि वहिनींनी ती बरोबर कापली. एक तसूसुद्धा चुकलं नव्हतं त्यांचं बोट."

"मग पट्टी?"

"मला वाटलं, यातलं उत्तर काढून वहिनींच्या कॅसेटवर रेघेच्या जागी बसवावं. तुला देईन. तुला बरं वाटेल. म्हणून ती नेली. आणि घरी दोन्ही लावून बघतो, तर उत्तरच नाही. माझा विश्वास बसेना. दर वेळी वाटायचं, आपलंच काही चुकतंय. म्हणून पुन्हा पुन्हा नेत होतो, आणि या वेळी उत्तर सापडेलच म्हणून एकदा खाचही बुजवली."

"माझ्या घरातून. चोरासारखा."

"हो. ते चुकलंच."

"आणि विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

कंपाउंडरने मान खाली घातली. "वहिनींनी आयुष्यभर ती चूक स्वतःच्या माथी घेतली. आपण हसत होतो, त्या हसून घेत होत्या. शेवटी शेवटी मी सुई टोचत होतो तेव्हासुद्धा विचारलं मी, वहिनी, आता तरी सांगा. तरी म्हणाल्या, तुम्हीच ठरवा. त्यांनी जपलेलं मी कसं फोडू? आणि फोडलं तर रविवारी आपण भांडायचं कशावर? तू दार उघडशील का मग?"

मालक खुर्चीत बसला. त्याचे खांदे हलू लागले. मावशीने रुमाल काढला, पण मालक हसत होता. आवाज न करता, तोंडावर हात धरून, बराच वेळ.

"एवढी वर्षं," तो म्हणाला. "एवढी वर्षं चहा टाकायला उठून जायची. तिकडं ओट्याशी एकटी हसत असणार."

"पण मग बोलला का नाही तो?" ड्रायव्हर म्हणाला. "बाप एवढा दारात आलाय. साधी पाण्याची वेळ विचारतोय."

"राग," कंपाउंडर म्हणाला. "घराबाहेर काढलं होतं ना. बोलेल कशाला?"

"काहीतरीच," मावशी म्हणाली. "गळा दाटून आलाय त्याचा. डोळे बघा. मागं घ्या, मी दाखवते."

"तुम्हाला सगळ्यांचाच गळा दाटलेला दिसतो, मावशी. सिनेमातला न्हावीसुद्धा रडतो तुमचा."

"आणि तुम्हाला सगळ्यांच्या पाठीमागं भूत."

मी प्रसंग पुन्हा मागे घेतला. मुलाने मान वर केली, तशी मालकाने माझ्या थांबायच्या बटणावर बोट ठेवले. चित्र तिथेच थरथरत उभे राहिले.

"त्याला वेळ माहीत आहे," तो म्हणाला. "पण सांगितली की बापाला दुसरं विचारायला काही नाही. उत्तर मिळालं की माणूस उठतो."

"उठलाच ना शेवटी," कंपाउंडर म्हणाला. "गेला रस्त्यानं."

"गेला. पण तेवढा वेळ बसला."

मग कंपाउंडर म्हणाला, "नाही पटत." आणि मालक म्हणाला, "तुला कधी काय पटलंय?" आणि पुन्हा सुरू झाले. अंधार पडेपर्यंत मी तो एकच प्रसंग पुढेमागे ओढत होतो. खोके त्याच आठवड्यात माळ्यावरून खाली आले.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. माझा पट्टा सैल पडला आहे आणि तसा दुसरा आता मिळत नाही. माझा स्वभावही बदललेला नाही. कंपाउंडर झाकण उघडतो तेव्हा मी अजून सावध असतो. पण माझा संशय खरा निघाला होता, पट्टी खरी होती, ठसे खरे होते, वासही खरा होता, आणि तरी माणूस चोर नव्हता, हे मी विसरू शकत नाही.

तुमच्या घरात माझ्यासारखे जुने यंत्र असेल तर त्याच्यावर नुसते कापड घालून ठेवू नका. अधूनमधून चालवा. न चालवलेल्या फितीला बुरशी लागते, आणि कुलपात ठेवलेल्या फितीला जरा लवकरच लागते. ज्याच्यावर तुमचा संशय असेल त्याला बोलावून समोर बसवा आणि म्हणा, काय आहे ते दाखव. पावडर पसरू नका. ती शेवटी कुणाच्या तरी पोटात जाते.